आव्वाच्या दोन गोळ्या: एक कॅल्शियम देणारी, दुसरी कॅल्शियम अडवणारी?

अक्कलकोट_नाका
नमस्कार मंडळी. धागा आरोग्यात टाकावा की विज्ञानात ते कळेना, संपादकांनी हवा तिकडे हलवावा.

आमची आव्वा, वय ६८. बीपीची गोळी पाचेक वर्षांपासून चालू. गेल्या आठवड्यात गुडघ्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं. आता आव्वा गोळ्या ठेवते पानाच्या डब्यात. अख्खं पाकीट त्यात मावत नाही म्हणून ती अडकित्त्याने त्याचे तुकडे पाडते, एका तुकड्यात दोन गोळ्या. त्यामुळे औषधाचं नाव कुठे अर्धं, कुठे पाव. एका तुकड्यावर 'ॲम्लोडिपिन' एवढं धड वाचता आलं. शोधलं तर म्हणे 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर'.

मग एका हाताने कॅल्शियम घालायचं आणि दुसऱ्या हाताने अडवायचं, हा काय प्रकार आहे? औषधाच्या दुकानात विचारलं तर "चालतंय" म्हणाला. चालतंय ते ठीक, पण का चालतंय? आव्वा म्हणते, "त्या दोघी भांडून मरू देत, माझे गुडघे राहू देत."

नवीपेठ_बाबू
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या घरी पण हीच जोडी आहे.

कडकभाकरी
काय बे, सकाळी सकाळी डोकं खालालास. एक सिलिंडर, एक त्याचा कॉक. दोन्ही लागतंय की.

डॉ_बाळीवेस
कडकभाकरी चेष्टेत बोलले पण फार चुकले नाहीत.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात असतं ते डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम, आणि त्यातलंही निम्म्याच्या आसपास प्रथिनांना चिकटलेलं. ॲम्लोडिपिन यातल्या कशालाच हात लावत नाही. ते रक्तातलं कॅल्शियम उतरवत नाही, हाडातलं ओढत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूपेशी असतात, त्यांच्या पटलावर कॅल्शियम आत येण्याची दारं असतात. ही गोळी ती दारं बरीचशी मिटवते. आत कॅल्शियम कमी शिरलं की स्नायू आवळत नाही, वाहिनी सैल पडते, दाब उतरतो. (पायाच्या घोट्याला सूज येते ती याच सैलपणामुळे. आव्वांना असेल तर सांगा.)

नेहमीच्या मात्रेतल्या कॅल्शियमच्या गोळीने हा परिणाम पुसला जात नाही. कुणी अशा गोळ्या चुकून भरमसाट घेतल्या तर आम्ही शिरेतून कॅल्शियम देतो, पण तो रुग्णालयातला मामला. दोन्हीपैकी काहीही आपल्या मनाने बंद करू नका. आणि पाकिटाचे सगळे तुकडे जुळवून पूर्ण नाव बघा. अर्ध्या नावावर मत देणं मला आवडत नाही.

अक्कलकोट_नाका
डॉक्टर, आभार. दाराचं कळलं. पण एक किडा डोक्यात वळवळतोय: जे आधीच आत शिरलंय त्याचं काय होतं? दार बंद केलं म्हणून घरातला पाहुणा थोडाच जातो?

कडकभाकरी
आमच्याकडचा तर दार उघडं ठेवून पण जात नाही.

पेशीवेडी
हा प्रश्न मला फार आवडला, कारण गेली चार वर्षं मी त्याच्यावरच जगतेय (त्याला विद्यावेतन म्हणतात). मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी आकडे. पेशीबाहेरच्या द्रवात मोकळं कॅल्शियम लिटरला सुमारे १.२ मिलिमोल. आत पेशीद्रवात, पेशी निवांत असताना, १०० नॅनोमोलच्या आसपास. बाहेर बारा हजार असेल तर आत एक! वर पेशीची आतली बाजू ऋण प्रभाराची आणि कॅल्शियम आयन दोन धन प्रभारांचा, म्हणजे विजेची ओढही आतल्याच दिशेने. दार किलकिलं झालं तरी लोंढा घुसतो.

इतकं कमी ठेवण्याचा अट्टाहास का? पेशीचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो. एटीपीत (म्हणजे पेशीच्या इंधनात) फॉस्फेट, डीएनएत फॉस्फेट. कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की न विरघळणारा क्षार बसतो. हाडं बांधायला तो उत्तम, पेशीच्या पोटात मात्र तो म्हणजे मरण. दुसरा भाग असा, की एवढं कमी ठेवलं की जराशी वाढसुद्धा लगेच जाणवते. स्नायूला 'आवळ', ग्रंथीला 'स्राव सोड', हे निरोप त्याच वाढीतून जातात.

आता पाहुण्याला घालवणारे तिघं.

पहिला पेशीपटलातला पंप, पीएमसीए. एक एटीपी खर्चून एक कॅल्शियम बाहेर. हा पंप १९६६ मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स शॅट्झमन यांनी लाल रक्तपेशींत दाखवला. त्याची सगळी मजा शेपटीत आहे. एरवी ही शेपूट दुमडून स्वतःच्याच कामाच्या जागेवर बसलेली असते, म्हणजे पंप जवळजवळ झोपलेला. आत कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन नावाचं छोटंसं प्रथिन चार कॅल्शियम धरतं, त्याचा आकार पालटतो, ते जाऊन त्या शेपटीला विळखा घालतं आणि तिला बाजूला खेचतं. पंप सुटला. कॅल्शियम उतरलं की विळखाही सुटतो आणि शेपूट परत जागेवर. ज्याला बाहेर काढायचं तोच पंपाला उठवतो.

दुसरा सर्का. हा बाहेर टाकत नाही, पेशीतल्याच आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पडद्यांच्या पोकळ जाळ्यात, कोंडतो. एका एटीपीत दोन.

तिसरा अदलाबदलवाला, एनसीएक्स. तीन सोडियम आत घेतो, एक कॅल्शियम बाहेर सोडतो. स्वतः एटीपी खर्चत नाही. बाहेर सोडियम जास्त आणि आत कमी, या उतारावर तो चालतो. पहिला पंप थोड्याशा कॅल्शियमलाही पकडतो पण दमाने काम करतो. हा मात्र ढीग साचला की भराभर उपसतो.

नवीपेठ_बाबू
वाचनखूण साठवली. तीनदा वाचलं, शेपटीपर्यंत कळलं.

मास्तर_सातरस्ता
छान लिहिलंस, पोरी. माझ्या भाषेत सांगतो. आपल्याकडे नळाला पाणी येतं चार दिवसांनी. खाली हौद, वर टाकी. पाणी आलं की मोटर लावायची, टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटर बंद. कॅल्मोड्युलिन म्हणजे फ्लोट. सर्का म्हणजे मोटर. झालं!

पेशीवेडी
सर, लहान तोंडी मोठा घास, पण ही उपमा अर्ध्यावर फसते. टाकी आपण भरतो कारण घरात पाणी हवं असतं. पेशीला घर कोरडं हवंय. तळघराची उपमा घ्या. पावसात तळघरात पाणी झिरपतं, ठरावीक पातळीला फ्लोट उचलला जातो आणि मोटर *चालू* होते. तुमच्या टाकीत फ्लोट वर आला की मोटर बंद पडते. नेमकं उलटं.

मास्तर_सातरस्ता
३४ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, चूक कबूल करायला लाजत नाही. तळघर मान्य. पण टाकी सोडणार नाही. तुझी ती आंतर्द्रव्यजालिका टाकीच आहे. ती रिकामी झाल्यावर कोण कळवतं?

मागवाला
शीर्षकात नाही पण विभागात 'धागा' दिसला म्हणून आलो, सुताचा नाही निघाला. आलोच आहे तर मास्तरांना उत्तर देतो, बरोबर की चूक ते ताईंनी सांगावं.

आमचे वडील गिरणीत ऑटो लूमवर होते. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपत आलं की फीलर नावाचा एक दांडा कांडीला चाचपतो. सूत आहे तोवर ठीक. संपत आलं की तो तिकडे इशारा देतो आणि नवी कांडी धोट्यात बसते. माग थांबत नाही. साधा पॉवरलूम असेल तर कांडी संपणार, माग थांबणार, माणूस धावणार. पेशीत पण असा फीलर असणारच, नाहीतर एवढा कारखाना चालला नसता.

पेशीवेडी
मागवाला, साष्टांग! फीलर आहे. त्याचं नाव स्टिम. तो आंतर्द्रव्यजालिकेच्या भिंतीत बसतो, एक टोक टाकीच्या आत. टाकीत कॅल्शियम असेपर्यंत ते त्याच्या टोकाला धरून असतं. टाकी उतरली की कॅल्शियम सुटतं, स्टिमची प्रथिनं एकमेकांना चिकटतात, पेशीपटलाजवळ सरकतात आणि तिथलं ओराय नावाचं दार उघडतात. बाहेरून कॅल्शियम येतं, सर्का ते टाकीत भरतो. स्टिमचं हे काम २००५ मध्ये उघड झालं, ओरायचं २००६ मध्ये. ग्रीक पुराणात स्वर्गाच्या दारावर राखण करणाऱ्या देवता आहेत, त्यांच्यावरून ओराय हे नाव. कांडीचं उदाहरण मी पुढच्या सादरीकरणात चोरणार आहे.

मागवाला
चोरा. वडिलांना सांगतो, खूश होतील.

मास्तर_सातरस्ता
जड, म्हणजे क्षारांच्या, पाण्याचा विषय माझ्या आवडीचा, म्हणून एक गोष्ट. अवांतर वाटलं तर वगळा.

लंडनला सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर होते. बेडकाचं हृदय काढून मिठाच्या द्रावात ठेवायचं आणि ते किती वेळ धडधडतं ते बघायचं, हा त्यांचा प्रयोग. १८८२ मध्ये त्यांनी छापलं की अमुक द्रावात हृदय झकास चालतं. नंतर लक्षात आलं की द्राव ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केला होता. शुद्ध पाण्यात केला तर हृदय थोड्या वेळात गप्प! मग हुडकलं: नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम. १८८३ मध्ये स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करून छापली. सलाइनच्या बाटलीवर 'रिंगर' वाचता ना, ते हेच.

कडकभाकरी
आपल्या बोअरचं पाणी घातलं असतं तर ते हृदय गड्ड्याच्या यात्रेपर्यंत चाललं असतं. आमच्या गिझरच्या कॉइलवर बोटभर थर आहे.

नवीपेठ_बाबू
पण त्याच पाण्याने मुतखडे होतात ना? आमच्या गल्लीत घरटी एक आहे. म्हणून मी दूध पण बंद केलंय.

डॉ_बाळीवेस
दूध चालू करा बाबू. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, पण म्हणून जेवणातलं कॅल्शियम तोडायचं नसतं. ते आतड्यातच ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शियम तोडलंत की ऑक्झलेट मोकळं सुटून रक्तात जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, माणूस दिवसभर घाम गाळतो आणि पाणी पितो दोन तांबे. दाट लघवीत खडा बसायला वेळ लागत नाही. आधी पाणी वाढवा, मग बोअरला शिव्या द्या.

हिप्परगा_कट्टा
एवढं सगळं कशाला? रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घ्या. हाडं लोखंडासारखी. औषध कंपन्यांचा धंदा आहे सगळा.

डॉ_बाळीवेस
हे ढकलपत्र माझ्याकडे महिन्यातून दोनदा येतं. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दाहक आहे. पानात लावलेला जास्त झाला तर तोंड भाजतं ते उगीच नाही. त्यापेक्षा नाचणी खा, १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तीळ खा. सोलापुरात ज्वारीपुढे नाचणीला कुणी विचारत नाही हे मला माहीत आहे, तरी सांगतो.

कडकभाकरी
ज्वारीबद्दल शब्द जपून.

सिव्हिल_चौक
बीपीची गोळी आणि गुडघे यावरून सुरू झालेला धागा बेडूक, माग आणि चुना करत कुठे चाललाय? मला वाटतं अशा धाग्यांवर औषधांची चर्चाच नको. कुणीतरी अर्धवट वाचून गोळी बंद करेल.

अक्कलकोट_नाका
तुमची काळजी रास्त आहे, म्हणून डॉक्टरांचं वाक्य ठळक करून पुन्हा टाकतो: आपल्या मनाने काहीही बंद करू नका. पण 'का' विचारायला बंदी नको. दुकानदाराच्या "चालतंय" पेक्षा हे बरं.

पेशीवेडी, हृदयाचं काय? ते तर दिवसभर आवळत-सैलावत असतं. तिथे ही मोटर किती पळत असेल!

पेशीवेडी
तिथे खरी करामत आहे. प्रत्येक ठोक्याला पेशीद्रवात कॅल्शियम चढतं आणि पुढच्या ठोक्याआधी ते उतरवावंच लागतं, नाहीतर हृदय सैल पडणार नाही, आणि सैल पडलं नाही तर रक्त भरणार कुठे? या उपशातला सुमारे ७० टक्के वाटा सर्काचा, बाकी बहुतेक अदलाबदलवाल्याचा.

सर्काच्या मानगुटीवर फॉस्फोलॅम्बन नावाचं एक चिमुकलं प्रथिन ब्रेकसारखं बसलेलं असतं. निवांत बसलात की ब्रेक लागलेला. आता समजा रात्री घरी येताना मागे कुत्रं लागलं. ॲड्रेनलिन सुटतं, पेशीत निरोपांची साखळी चालते आणि शेवटी एक विकर (एन्झाइम) फॉस्फोलॅम्बनवर फॉस्फेटचा शिक्का मारतं. ब्रेक सुटतो. सर्का जोरात उपसतो, हृदय लवकर सैल पडतं, टाकीत जास्त साठा भरतो, पुढचा ठोका आणखी दणकट. एकाच शिक्क्यात वेग आणि जोर दोन्ही. कुत्रं मागे वळलं की दुसरं विकर येऊन शिक्का पुसतं.

कडकभाकरी
आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांमुळे माझा फॉस्फोलॅम्बन कायम सुटलेला असतो.

डॉ_बाळीवेस
यात माझी भर. डिजॉक्सिन नावाचं जुनं हृदयाचं औषध आहे, डिजिटॅलिस झाडांच्या कुळातलं. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये या झाडाच्या औषधी वापरावर लिहिलं, तेव्हा ते का चालतं हे कुणालाच माहीत नव्हतं. ते कॅल्शियमला शिवतही नाही. ते सोडियम बाहेर काढणारा पंप मंदावतं, जो येन्स स्कोव यांनी १९५७ मध्ये दाखवला आणि ज्यासाठी त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. पेशीत सोडियम थोडं वाढतं. मग पेशीवेडी म्हणतात तो उतार कमी होतो, अदलाबदलवाला मंदावतो, कॅल्शियम आत जरा जास्त राहतं आणि हृदय जोराने आवळतं. एका पंपाला दाबलं, दुसराच मंदावला.

मास्तर_सातरस्ता
म्हणजे वीज शेजारच्या घराची गेली आणि मोटर आपली थांबली.

सिव्हिल_चौक
मीच आक्षेप घेतला आणि मीच विचारतो, हसू नका. माणूस गेल्यावर अंग ताठ होतं त्याचा याच्याशी काही संबंध? मागच्या महिन्यात काका गेले, हात सरळ करायला वेळ लागला.

पेशीवेडी
कोणी हसणार नाही. संबंध आहे. श्वास थांबला की एटीपी बनणं थांबतं. पंप बंद पडतात, कोंडलेलं कॅल्शियम पेशीद्रवात पाझरतं आणि स्नायूतले तंतू एकमेकांना पकडतात. पकड सोडवायलासुद्धा एटीपी लागतं, ते उरलेलं नसतं. एक-दोन दिवसांनी प्रथिनंच तुटायला लागतात तेव्हा अंग पुन्हा सैल पडतं. सैल पडण्यासाठी शक्ती खर्चावी लागते हे मलाही पहिल्यांदा वाचताना पटलं नव्हतं.

अक्कलकोट_नाका
मंडळी, महत्त्वाचं. काल आव्वा झोपल्यावर पानाचा डबा पालथा केला. सुपारीच्या भुग्यातून सात तुकडे काढून परातीत जुळवले. पूर्ण नाव लागलं: एकाच गोळीत तीन औषधं आहेत. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि तिसऱ्या तुकड्यावर 'थॅलिडोन'. रात्री एक वाजता शोधत बसलो तर बाळांना व्यंग आणणारं थॅलिडोमाइड समोर आलं आणि माझी झोप उडाली.

डॉ_बाळीवेस
झोपा. ते क्लोरथॅलिडोन आहे, पुढचं 'क्लोर' अडकित्त्याने उडवलं. थॅलिडोमाइडशी त्याचं काही नातं नाही. बोलीत 'पाण्याची गोळी', थायझाइडच्या जातीची.

पण बरं झालं शोधलंत. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आता थोडं बदलतं. कॅल्शियमच्या गोळीशी ॲम्लोडिपिनचं भांडण नाही, पण क्लोरथॅलिडोनची तिच्याशी चक्क दोस्ती आहे. ही गोळी लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी करते, म्हणजे ते रक्तात राहतं. वरून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेतलं तर क्वचित कुणाचं रक्तातलं कॅल्शियम वर जातं, विशेषतः उतारवयात किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर. तहान वाढणं, बद्धकोष्ठ, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं काही आहे का विचारा. दोन्ही डॉक्टरांना सगळी औषधं एकत्र दाखवा. ते रक्त तपासून ठरवतील.

पेशीवेडी
आणि का ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. क्लोरथॅलिडोन मूत्रपिंडाच्या नळीतल्या पेशींमध्ये सोडियम आत येण्याचा एक रस्ता अडवतं. त्या पेशीत सोडियम कमी होतं. उतार वाढतो. मग पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असलेला आपला तोच अदलाबदलवाला जास्त जोराने चालतो आणि लघवीतून उचललेलं कॅल्शियम रक्तात ढकलतो. डॉक्टरांच्या डिजॉक्सिनच्या बरोब्बर उलटं. (हे एकच कारण नाही. लघवी वाढून शरीरातलं पाणी थोडं घटतं, तेव्हा नळीच्या सुरुवातीच्या भागातही सोडियमसोबत कॅल्शियम जास्त शोषलं जातं.)

मास्तर_सातरस्ता
इकडे सोडियम वाढवून कॅल्शियम अडकवलं, तिकडे सोडियम घटवून पळवलं. हा प्रश्न मी परीक्षेत घातला असता.

नवीपेठ_बाबू
आमच्या घरची पाकिटं आत्ता तपासली. आमच्यात ते तिसरं नाही. दूध चालू केलं.

अक्कलकोट_नाका
पाच दिवसांनी धागा वर काढतोय. बीपीच्या डॉक्टरांनी सगळे तुकडे टेबलावर मांडायला लावले आणि बराच वेळ हसले. मग रक्त तपासायला सांगितलं. कॅल्शियम ९.९, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक. बीपीची गोळी तशीच ठेवली, कॅल्शियमची मात्रा निम्मी केली आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. आव्वाला तहान वगैरे काही नाही. घोट्याला सूज आहे, ती तिने आम्हाला दोन वर्षं सांगितलीच नव्हती.

आता पाकीट कापायचं नाही असं ठरलंय. पण अख्खं पाकीट पानाच्या डब्यात मावत नाही, म्हणून तिला तिच्या सासूबाईंचा मोठा डबा हवाय. तो माळ्यावर आहे. उद्या पाणी यायचा दिवस, त्यामुळे माळ्यावर चढणं परवा.

कडकभाकरी
आणि अडकित्ता?

अक्कलकोट_नाका
तो तिच्या उशाशी आहे. मागायची हिंमत तू करून बघ.